आत जायची गरज नाही

मधुमती कारखानीस लंडनच्या दक्षिणेकडच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात अशर म्हणून लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. अशर म्हणजे आपल्याकडे कोर्टाच्या दाराशी उभा राहून नावांचा पुकारा करतो ना, तोच. फक्त इथे त्याच्या अंगावर काळा झगा असतो. त्यामुळे नवखी माणसं त्यालाच वकील समजतात आणि आपली सगळी कर्मकहाणी त्याच्यापुढे मांडून मोकळी होतात. मधुमतीबाईंनी बावीस वर्षांत अशा इतक्या कर्मकहाण्या ऐकल्या होत्या, की संध्याकाळी ट्रॅममध्ये शेजारच्या माणसाने नुसता घसा खाकरला तरी त्या खिडकीकडे तोंड फिरवायच्या. आता हाही सांगणार काहीतरी!

पुढच्या एप्रिलमध्ये त्या रिटायर होणार होत्या. गुडघे बोलायला लागले होते, झग्याच्या बाह्या विरल्या होत्या आणि नवा झगा मागायचा त्यांना कंटाळा आला होता. सात महिन्यांसाठी कशाला नवा, असं त्या म्हणत. हल्ली त्या बऱ्याच गोष्टींबद्दल असंच म्हणत.

त्यांच्या कोर्टात बुधवार हा कौन्सिल टॅक्सचा वार. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच, पण इथे ती घरमालक नाही, घरात राहणारा भरतो. ज्यांनी भरली नाही त्यांना समन्स जातं आणि त्या सगळ्यांची एकच यादी कोर्टापुढे येते. हजार, अकराशे, कधी बाराशे नावं. कौन्सिलचा माणूस उभा राहून सांगतो की या सगळ्यांना नोटिसा पाठवल्या होत्या आणि पैसे आले नाहीत. वर बसलेले तीन मॅजिस्ट्रेट माना डोलावतात आणि अख्ख्या यादीवर एका दमात हुकूम होतो. एकदा मधुमतीबाईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं. अकरा मिनिटं. तो हुकूम मिळाला की कौन्सिलला लोकांच्या पगारातून पैसे कापता येतात, दारात जप्तीला बेलिफ धाडता येतो.

या अकराशेंपैकी प्रत्यक्ष यायचे पन्नास-साठ. अंगावर चांगले कपडे, हातात कागदांची फाइल, तोंडाला कोरड. त्यांच्यासाठी कॉरिडॉरमध्ये कौन्सिलची दोन माणसं टेबल टाकून बसलेली असत. मधुमतीबाईंनी आलेल्याचं नाव विचारायचं आणि त्याला त्या टेबलाकडे धाडायचं, अशी रीत. ती कोणी घातली होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण बावीस वर्षं ती सुखाने चालली होती. "घाबरू नका," त्या म्हणायच्या. "त्या टेबलावर बोलून घ्या. आत जायची गरज नाही."

हे वाक्य ऐकलं की माणसाचा चेहरा असा सैल पडायचा, की बघत राहावं. आरडाओरडा, शिव्या आणि रडारड यांनी भरलेल्या त्या नोकरीत मधुमतीबाईंना एवढंच काय ते समाधान होतं. आपण लोकांना पिंजऱ्यात उभं राहण्यापासून वाचवतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. टेबलावर माणूस हप्त्यांच्या कागदावर सही करायचा आणि घरी जायचा. मग यादीवर त्याच्या नावापुढे त्या 'गैरहजर' अशी खूण करायच्या, कारण मॅजिस्ट्रेटपुढे तो आला नव्हता. फॉर्ममध्ये रकानेच दोन होते, तिसरा आणायचा कुठून?

जूनमधल्या एका बुधवारी वरदा आली. पंचविशीची मुलगी, मूळची साताऱ्याकडची. एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करण्याची नोकरी, आणि व्हिसा त्याच नोकरीवर टांगलेला. मधुमतीबाईंच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचून ती जवळजवळ धावतच पुढे आली.

"काकू, तुम्ही मराठी?"

"हो गं. आधी श्वास घे. काय झालंय?"

"हे बिल चुकीचं आहे, काकू. ज्या वर्षाचं बिल आहे ना, तेव्हा आम्ही त्या घरातल्या सगळ्या जणी स्टुडंट होतो. स्टुडंट्सना टॅक्स माफ असतो. हे बघा, युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट आणलंय मी. आत जाऊन काय बोलायचं ते मी पाठसुद्धा केलंय."

मधुमतीबाईंनी सर्टिफिकेट पाहिलं. शिक्का होता, तारखा होत्या, सगळं व्यवस्थित होतं. पोर मात्र पार पांढरी पडली होती. त्यांना तिची कणव आली. "अगं, इतकं कशाला मनाला लावून घेतेस? त्या टेबलावर जा, त्या माणसाला दाखव. आत जायची गरज नाही."

टेबलावरच्या माणसाने सर्टिफिकेटकडे पाहिलंही नाही. ते नंतर ईमेल करा म्हणाला, तोपर्यंत हप्त्यांच्या कागदावर सही करा म्हणजे बेलिफ येणार नाही. वरदाने सही केली. काकूंनीच पाठवलं आहे म्हटल्यावर शंका घ्यायला तिला जागाच नव्हती. जाताना ती परत आली आणि त्या कॉरिडॉरमध्ये, सिक्युरिटीवाल्याच्या आणि साठ अनोळखी माणसांच्या देखत, चटकन वाकून मधुमतीबाईंच्या पाया पडली. मधुमतीबाई इतक्या गोंधळल्या की आशीर्वाद द्यायचंही राहून गेलं. मग त्यांनी यादीवर तिच्या नावापुढे खूण केली. गैरहजर.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची लेक ईशिता वॉटफर्डहून जेवायला आली. ती तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी ऐकताना तिच्या बाबांना, म्हणजे जयंतरावांना, दर वाक्यागणिक ठेच लागते. पण ती बोलते मात्र हट्टाने मराठीतच. नव्या टर्मसाठी ती एका बंडाचा धडा तयार करत होती आणि आमटीचा भुरका मारता मारता तो आईबापांवरच पारखून घेत होती.

"सतराशे शहाऐंशी, ओके? अमेरिका नुकतीच इंडिपेन्डन्ट झाली. मॅसॅच्युसेट्सची शेतकरी लोक वॉरमध्ये लढून घरी आली, पण त्यांची पे कोणी दिलीच नाही. वर स्टेटने टॅक्स लावली, आणि ती पण कॅशमध्ये, नाणी पाहिजे! नाणी होतीच कुठे त्यांच्याकडे? आणि लंडनचे व्यापारी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना म्हणत होते, आमचे पैसे द्या. ते मग गावातल्या दुकानदाराला म्हणणार, तो शेतकऱ्याला म्हणणार. मग कोर्ट. जमीन गेली, गाई गेली, माणूस जेलमध्ये."

"मग? बंदुका काढल्या असतील," जयंतराव म्हणाले.

"नाही ना बाबा, तीच तर मस्त गोष्ट आहे! आधी त्यांनी कुणाला मारलं नाही. ते फक्त कोर्टासमोर जाऊन उभे राहिले. शेकडो लोक. जज आला तर त्याला आत जायला वाटच नाही. कोर्ट बसलाच नाही तर ऑर्डर कोण देणार? असे एका मागून एक किती कोर्ट बंद केले त्यांनी."

"आणि शेवटी?" मधुमतीबाईंनी विचारलं.

"शेवटी हरले. थंडीत, स्नोमध्ये. आर्मीने तोफ डागली, चार लोक मेले, बाकी पळाले. मग हजारो लोकांनी कागदावर साइन केलं की आमची चूक झाली, माफ करा."

"झालं तर मग," मधुमतीबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला उठल्या. त्यांना त्या शेतकऱ्यांचा रागच आला होता. कोर्टाच्या दारात चारशे माणसं उभी राहिली तर त्यांना हटवायला कोण जातं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. जज नाही जात. अशर जातो.

दोनच आठवड्यांनी बुधवारी सकाळी त्या झगा चढवून कॉरिडॉरमध्ये आल्या, तर एका जुन्या टॉवरमधली त्रेचाळीस माणसं एकदम हजर. कौन्सिलने हिशेबाची नवी सिस्टीम आणली होती आणि त्या टॉवरमध्ये चुकीच्या बिलांचा पाऊस पाडला होता. कुणी हातात काठी घेतलेलं, कुणी रात्रपाळी करून तसंच आलेलं, एकीच्या कडेवर तान्हं. ना घोषणा, ना फलक. मधुमतीबाईंनी सवयीने आपलं वाक्य म्हटलं.

पुढे बसलेल्या एका सत्तरीच्या गोऱ्या बाईने मान हलवली. "नको, बाई. आम्ही थांबतो. आम्हाला आत जायचंय."

"पण त्या टेबलावर..."

"आत," ती म्हणाली. "एकेकानं."

दुसराही तेच म्हणाला. तिसराही. टेबलावरची कौन्सिलची दोघं चहाचे कप हातात धरून नुसतीच बघत राहिली. कोर्टाचा मॅनेजर ग्रॅहम धावत आला, या सगळ्यांना पांगवा म्हणून मधुमतीबाईंच्या कानाशी कुजबुजला. पण पांगवायचं कसं? समन्स तर त्यांच्या हातात होतं, आणि त्यावर आजची तारीख आणि याच कोर्टाचं नाव छापलं होतं. मधुमतीबाई मुकाट्याने एकेकाचा पुकारा करत गेल्या आणि एकेकाला आत नेत गेल्या.

त्या दिवशी त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं, की बुधवारचा माणूस आत गेला तर काय होतं. तो कागद दाखवतो. मॅजिस्ट्रेट चष्मा लावून तो वाचतात. मग कौन्सिलच्या माणसाकडे बघतात आणि विचारतात, हे काय आहे? तो चाचरतो. त्या सत्तरीच्या बाईचं नाव चार मिनिटांत यादीतून कमी झालं. काठीवाल्याचं सहा मिनिटांत. चार वाजेपर्यंत सव्वीस जण आत जाऊन आले होते, त्यातल्या सतरा जणांची नावं कमी झाली होती आणि उरलेली अकराशेंची यादी तशीच पडून होती. कोर्टाची वेळ संपली. यादीवर हुकूम न होता उठलेला असा बुधवार मधुमतीबाईंनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

सगळे गेल्यावर त्या रिकाम्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. पाय भरून आले होते. सव्वीसातले सतरा. एवढा एकच आकडा डोक्यात घोळत होता आणि त्याच्या पाठोपाठ, नको नको म्हणत असताना, ते युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट डोळ्यांपुढे आलं. घरी जाऊन त्या न जेवताच झोपल्या.

वरदा पुढच्याच सोमवारी कोर्टाच्या दारात उभी होती. तिने जूनमध्येच सर्टिफिकेट ईमेल केलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं. हप्ते ती नेमाने भरत होती, पण एक हप्ता दोन दिवस उशिरा गेला आणि आता कौन्सिलचं पत्र आलं होतं, की हप्त्यांच्या कागदावर सही केली असली तरी कोर्टाचा हुकूम जूनमध्येच झालेला आहे, उरलेले पैसे तुझ्या पगारातून कापून द्यायला आम्ही तुझ्या मालकाला लिहिणार.

"आमची मॅनेजर आधीच माणसं कमी करतेय, काकू. हे पत्र तिच्या हातात पडलं की पहिली मी जाणार. आणि नोकरी गेली की साठ दिवसांत व्हिसा देणारा नवीन मालक, म्हणजे स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत साताऱ्याला." ती रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं. "फुकट सल्ला देणाऱ्या सेंटरमधल्या बाई म्हणाल्या, हुकूम रद्द होऊ शकतो. पण मी त्या दिवशी कोर्टात आले होते, हे सिद्ध झालं पाहिजे. तुमच्या रेकॉर्डमध्ये मी गैरहजर आहे."

मधुमतीबाईंनी पत्रावरची तारीख पुन्हा एकदा वाचली.

"काकू, तुम्ही लिहून द्याल का? मी आले होते म्हणून? आणि मी आत का गेले नाही ते?"

आत का गेले नाही ते. पोरीने आवाज चढवला नव्हता, बोट दाखवलं नव्हतं. तरी मधुमतीबाईंना ते वाक्य चपराकीसारखं लागलं.

ग्रॅहमला हे दुपारपर्यंत कळलं. तो वाईट माणूस नव्हता. मधुमतीबाईंच्या गुडघ्यांसाठी स्वतः खुर्ची आणून देणारा होता. त्याने मधुमतीबाईंना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "मधू, अशरने लोकांना सल्ला द्यायचा नसतो. तू लेखी दिलंस की चौकशी होईल. सात महिने राहिलेत तुझे. तू एवढंच लिही, की मला आठवत नाही. बुधवारच्या गर्दीत एक चेहरा कुणाला आठवतो? त्यात खोटं काहीच नाही."

घरी जयंतरावांनीही तोच सूर लावला. "आठवत नाही म्हणावं. तू काय मुद्दाम केलंस का? चांगल्या मनानं सांगितलंस."

"अहो, पाया पडली ती माझ्या," मधुमतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे कसं आठवत नाही म्हणू? बावीस वर्षांत त्या कोर्टात कुणी माझ्या पाया पडलेलं नाही. मी सही करायला बसले की माझे पायच मला विचारतील."

जयंतरावांनी उठून चहा टाकला. साखर घालायला विसरले आणि दोघांनीही तो तसाच प्यायला. मग मधुमतीबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या भाजीच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि इंग्रजीत पाऊण पान लिहिलं. त्यांना शूर वगैरे अजिबात वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं, आणि ईशिताच्या त्या हरलेल्या शेतकऱ्यांची एकदम दया आली. त्यांनीही असंच कुठल्या तरी टेबलाशी बसून सही केली असेल, घरची माणसं बघत असतील, आणि सही करून लगेच झोपावंसं वाटलं असेल.

सुनावणी ऑक्टोबरच्या शेवटी लागली. मधुमतीबाई त्या दिवशी झगा न घालता साध्या स्वेटरमध्ये आल्या, तर ओळखीच्या सिक्युरिटीवाल्यानेही त्यांची पर्स उघडायला लावली. त्यांचा पुकारा दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण अशरने केला आणि लाल फडक्यात गुंडाळलेली गीता त्यांच्या हातात दिली. आजवर शेकडो जणांना ती त्यांनीच दिली होती. आज कळलं, की शपथ घेताना ते फडकं घामाने लगेच ओलसर होतं.

कौन्सिलचा वकील तरुण होता आणि अभ्यास करून आला होता. "मिसेस कारखानीस, बुधवारी इतकी माणसं येतात. ही एकच मुलगी तुम्हाला नेमकी कशी आठवते?"

"ती माझ्या पाया पडली होती."

मॅजिस्ट्रेटांना ते समजायला थोडा वेळ लागला. वकिलाला मात्र हवं ते मिळालं होतं. "म्हणजे ती तुमच्या समाजातली आहे. तुमच्या भाषेत तिच्याशी बोललात. तिच्यावर माया म्हणून तुम्ही तिला, अशरने कधीच देऊ नये असा, खास सल्ला दिलात. बरोबर?"

मागच्या बाकावर ग्रॅहम बसला होता. त्याने अगदी हळूच मान डोलावली: हो म्हण. मधुमतीबाईंना ते दिसलं आणि उमगलंही. हो म्हटलं की एका म्हाताऱ्या बाईने एका गाववाल्या पोरीच्या बाबतीत केलेली ती एकच चूक ठरत होती. वरदाचा हुकूम कदाचित तरीही रद्द झाला असता. आपल्याला समज देऊन सोडलं असतं. आणि बुधवार पुन्हा अकरा मिनिटांचा झाला असता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिला खास काही सांगितलं नाही. मी सगळ्यांनाच तेच सांगते."

"सगळ्यांना?"

"कॉरिडॉरमध्ये येईल त्या प्रत्येकाला. बावीस वर्षं. कामाला लागले तेव्हा मला असंच शिकवलं होतं आणि मला ते चांगलंच वाटत होतं."

वकील खाली बसला. तिघा मॅजिस्ट्रेटांनी तिथल्या तिथे डोकी जवळ आणली. मग मधल्याने सांगितलं, की मुलगी आली होती, तिचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, तिच्या हातात पुरावा होता. जूनचा हुकूम तिच्यापुरता रद्द. मागे वरदाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

मधुमतीबाई पिंजऱ्यातून उतरायला वळल्या. तेवढ्यात त्या मधल्या मॅजिस्ट्रेटने त्यांना थांबवलं. पांढऱ्या केसांचा, बुधवारी नेहमी येणारा, चौदा वर्षं त्यांनीच ज्याच्या हातात यादी दिली होती असा माणूस. त्याला आता काही विचारायची जरुरी नव्हती. त्याने पेन खाली ठेवलं.

"मिसेस कारखानीस, आमच्यापुढे ज्या याद्या येतात, त्यात ज्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिलेलं असतं..." त्याला वाक्य पुरं करता येईना.

मधुमतीबाईंनी कठडा धरला. त्यांना त्याचीही दया आली.

"बरेच जण यायचेच नाहीत, सर," त्या म्हणाल्या. "पण आलेले गैरहजर नव्हते. तुम्ही सह्या करत होतात तेव्हा ते या भिंतीच्या पलीकडे होते. मीच त्यांना घरी पाठवत होते."